ब्लिट्झमध्ये २१५०ला अडकलोय: वेळ नेमका जातो कुठे?

कृष्णाकाठ
१४ जून २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बुद्धिबळावरचे इथले बहुतेक धागे नवशिक्यांसाठी आहेत. माझा प्रश्न थोडा पुढचा आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी सांगलीचा. शाळेत असल्यापासून पटावर बसतोय. जिल्हा आणि राज्य स्पर्धा खेळून झाल्या, फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांचं, रेटिंग आज १९८४ आहे. वय ४१. नोकरी आणि घर सांभाळून वर्षाला दोन-तीन स्पर्धा जमतात. बाकी सगळं बुद्धिबळ रात्रीच्या जेवणानंतर, लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर, ३+० ब्लिट्झमध्ये, म्हणजे डावाला प्रत्येकी तीन मिनिटं आणि दर खेळीला वाढीव वेळ शून्य. तिथं गेली दोन वर्षं मी २१०० ते २२०० मध्ये हेलकावे खातोय. २१५०च्या आसपास परत येऊन थांबतो.

हरण्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की डाव मला कळत असतो. ओपनिंगमधून बरा बाहेर पडतो, मधल्या डावात कधी एखादं प्यादं वर असतं, कधी पट मोकळा असतो, आणि घड्याळाकडे बघावं तर माझे २५ सेकंद नि समोरच्याचे ७०. तिथून पुढे एखादा मोहरा फुकट जातो, नाहीतर वेळच संपतो. असे डाव संपल्यावर झोप लागत नाही.

करून पाहिलेलं: चार महिने रोज कोडी सोडवली. कोड्यांचं रेटिंग वाढलं, ब्लिट्झचं नाही. दोन नव्या ओपनिंग शिकलो. हात वेगवान व्हावा म्हणून महिनाभर १+० (बुलेट, एकेक मिनिटाचे डाव) खेळलो, त्यानं ३+० मधला खेळ उलट बिघडला. आता शंका येते की या वयात वेग येतच नसावा. तसं असेल तर तेही ऐकायची तयारी आहे, पण अनुभवी माणसाकडून ऐकायचंय.

---

अडीच घरं
१५ जून, रात्री १२:२५

दादा, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, लिचेस ब्लिट्झ २४८०. माझ्या मते तुम्ही बुद्धिबळ पुरेसं जाणता, ऑनलाइन खेळणं कमी जाणता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी साध्या गोष्टी बघा. मोबाइलवर खेळता का? माउस घ्या. वजीर आपोआप होण्याची सोय चालू आहे का? खेळीची पुष्टी विचारणारी सोय बंद आहे का? नेट कसं आहे? लिचेसचा मुख्य सर्व्हर फ्रान्समध्ये आहे. उशिराची थोडी भरपाई ते करतात, तरी घरातलं वायफाय अडखळत असेल तर प्रत्येक खेळीला थोडं थोडं जात राहतं.

मग प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची खेळी होण्याआधीच आपली पुढची खेळी लावून ठेवणं. लिचेसवर प्रीमूव्हला शून्य वेळ लागतो, पण एका वेळी एकच लावता येतो. चेस डॉट कॉमवर एकामागून एक लावता येतात, प्रत्येकी ०.१ सेकंद कापला जातो. म्हणजे तिथं एका सेकंदात दहा खेळ्या निघतात. समोरच्याला घेण्याशिवाय पर्याय नसेल आणि तुम्हालाही परत घ्यायचंच असेल, तर तिथं हात रिकामा ठेवायचा नाही.

मात्र ओपनिंगमध्ये आंधळेपणानं प्रीमूव्ह लावू नका. मी काळ्यांनी कारो-कान ही ओपनिंग खेळतो (ई४, सी६ ही पटावरच्या घरांची नावं). ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, ई४ वर मारामारी होऊन पांढरा घोडा तिथं बसतो, मी घोडा डी७ करतो. पुढचा घोडा एफ६ प्रीमूव्ह लावून ठेवला, समोरच्यानं वजीर ई२ खेळला. माझी खेळी आपोआप पडली आणि त्यानं घोडा डी६ वर ठेवला. मात. ई७चं प्यादं वजिरामुळे बांधलेलं, ते घोड्याला मारू शकत नाही. सहाव्या खेळीत डाव संपला. तसंच, कुणी डी४ ला जी६ नंतर उंट जी७ असा प्रीमूव्ह लावतो हे ओळखून लोक दुसऱ्याच खेळीला उंट एच६ वर नेऊन ठेवतात. जी७ला उंट आला की तो मारायचा, मागे हत्तीही अडकलेला असतो.

माझा सल्ला: १+० चे पाचशे डाव खेळा. हात बसेल.

---

निशिगंध
१५ जून, सकाळी ७:१०

वाचतेय. मी १९०० वर अशीच अडकलेय, त्यामुळे उत्तरं मलाही हवीत.

---

गोदावरी
१५ जून, दुपारी ३:०५

कृष्णाकाठ दादा, नाशिकहून लिहितेय. अकरा वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवते. अडीच घरं, माउस आणि प्रीमूव्हबद्दल तू लिहिलंस ते सगळं बरोबर. पाचशे बुलेट डाव मात्र मी सांगणार नाही. दादांचा प्रश्न हाताचा असता तर महिनाभरात थोडा तरी फरक दिसला असता. खेळ बिघडला, याचा अर्थ दुखणं दुसरीकडे आहे.

क्लासिकल खेळून तयार झालेला खेळाडू ब्लिट्झमध्ये एक सवय घेऊन येतो: सगळ्यात चांगली खेळी शोधायची. दीड तासाच्या डावात याच सवयीनं तुम्हाला १९८४ पर्यंत आणलं, ती वाईट कशी म्हणू? पण ३+० चा हिशेब मांडा. १८० सेकंद. डाव ४० खेळ्यांचा झाला तर खेळीला साडेचार सेकंद, ६० खेळ्यांचा झाला तर तीन. एका खेळीवर २५ सेकंद घालवले की पुढच्या सहा-आठ खेळ्यांच्या वाट्याचं तिथंच संपलं.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ सालचा प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून झाकली तर मास्टर बरेचसे मोहरे जागच्या जागी मांडतो, नवशिक्याला चार-पाचच आठवतात. तेच मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले तर दोघं जवळपास सारखेच. म्हणजे मास्टरकडे जास्तीची स्मरणशक्ती नसते, त्याच्याकडे ओळखीच्या रचनांचा साठा असतो. तुमच्याकडेही तो आहे, तीस वर्षांचा आहे. पट बघताक्षणी जी खेळी सुचते ती त्या साठ्यातून येते. तुम्ही तिला उभं करून तिची उलटतपासणी घेत असणार, असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर औषध द्यायचं नाही.

असं करा. शेवटचे ५० डाव घ्या, जिंकलेले-हरलेले सगळे. लिचेसच्या विश्लेषणात प्रत्येक खेळीला किती वेळ लागला याचा आलेख असतो. ज्या खेळीला १५ सेकंदांहून जास्त लागले ती वहीत लिहा. तीन रकाने: कितवी खेळी, तेव्हा डोक्यात कुठला प्रश्न होता, आणि शेवटी पहिली सुचलेलीच खेळी खेळलात की दुसरी. इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा कॉम्प्युटर, लावू नका. चूक-बरोबर नंतर बघू. आठवड्यानं इथं लिहा.

---

जुनं घड्याळ
१५ जून, संध्याकाळी ६:३०

वयाबद्दल मी बोलतो, कारण इथं बहुधा सगळ्यात मोठा मीच. सत्तरी जवळ आली. दादरला आम्ही संध्याकाळी पाच-पाच मिनिटांचे डाव खेळायचो, चावीच्या घड्याळावर. ज्या हातानं खेळी त्याच हातानं घड्याळ दाबायचं. घड्याळावर सेकंद दिसत नव्हते, नुसती लाल झेंडी वर चढताना दिसायची आणि पडायची. दर खेळीला वेळ वाढवून देणारं घड्याळ बॉबी फिशरचं, त्याचं पेटंट त्याला १९८९ साली मिळालं, आमच्याकडे तर ते कितीतरी उशिरा आलं.

आनंदनं रियाधला जागतिक जलद स्पर्धा जिंकली ती २०१७च्या डिसेंबरात, तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. आदल्या वर्षी दोह्यात इवानचुक जिंकला, ४७व्या वर्षी. कुणी म्हणेल, तो पंधरा मिनिटांचा डाव, ब्लिट्झ नव्हे. पण रियाधला त्याच आठवड्यात ब्लिट्झमध्येही आनंदला कांस्यपदक मिळालं. तुम्ही ४१चे आहात. वयाला यातून बाहेर ठेवा.

वेगाबद्दल अजून एक. १९७० साली युगोस्लाव्हियात हर्सेग नोवीला जगातले बारा बलाढ्य खेळाडू पाच मिनिटांचे डाव खेळले. फिशरनं २२ पैकी १९ गुण घेतले. दुसरा आला मिखाईल ताल, साडेचौदा गुणांवर. ताल काही संथ खेळणारा नव्हता! फिशरचे ते डाव लावून बघा. घाई कुठेच दिसत नाही. साध्या, नीट जागच्या खेळ्या, एकामागून एक. वेग त्या साधेपणातून आलेला आहे.

---

कृष्णाकाठ
२२ जून, रात्री १०:१५

गोदावरीताई, आठवडाभर वही घेऊन बसलो. घड्याळकाका, तुमच्या प्रतिसादानं धीर आला, मनापासून आभार.

५० डावांत २२ जिंकलो, २५ हरलो, ३ बरोबरीत. हरलेल्या २५ पैकी ९ वेळेवर गेले. ८ मध्ये वीस सेकंदांच्या आत असताना मोठी चूक. ५ मध्ये वेळ असून डावपेच दिसला नाही. फक्त ३ डाव असे, की समोरचा सरळ माझ्यापेक्षा चांगला खेळला. १७ डाव घड्याळानं गेले हे आकड्यांत बघितल्यावर मी बराच वेळ गप्प होतो.

१५ सेकंदांवरच्या खेळ्या निघाल्या ११८. त्यातल्या ७१ या नवव्या ते सोळाव्या खेळीच्या दरम्यान. म्हणजे ओपनिंग संपून डाव सुरू होतो त्या उंबरठ्यावर. आणि ताई, तुमचा तिसरा रकाना. ११८ पैकी ७४ वेळा मी शेवटी पहिली सुचलेलीच खेळी खेळलो.

डोक्यातले प्रश्न वाचून दाखवतो. डी१ वर कुठला हत्ती आणू, ए१चा का एफ१चा? हे सगळ्यात जास्त, १९ वेळा. मग, मारताना प्याद्यानं मारू का मोहऱ्यानं? उंट बदलू देऊ का मागे घेऊ? एच३ आत्ता करू का नंतर? यातल्या एकाही प्रश्नावर डाव हरला नसता. मी वेळ खेळी शोधायला देत नव्हतो, खात्री करून घ्यायला देत होतो.

---

गोदावरी
२३ जून, सकाळी ९:५०

याहून स्वच्छ वही मला क्वचितच कुणी आणून दिली असेल.

आता वेळ कशाला द्यायचा ते ठरवू. जी खेळी मागे घेता येत नाही तिला वेळ द्या. हत्ती चुकीच्या घरात गेला तर पुढच्या खेळीला परत येतो, एक खेळी वाया जाते, बस. पण राजासमोरचं प्यादं पुढे ढकललं तर ते मागे येत नाही. शेवटचे मोहरे बदलून राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, उतरलात तर तिथून परतीची वाट नाही. तिथं दहा काय, पंधरा सेकंद द्या. मोहऱ्याचं बलिदान असेल तर द्या. समोरच्यानं अनपेक्षित काही केलं, तर तो काय धमकी देतोय हे बघायला द्या. दोन खेळ्या सारख्याच वाटतात? मग पहिली खेळा आणि घड्याळ त्याच्याकडे सरकवा. दोन्ही सारख्या वाटताहेत हेच तुमच्या तीस वर्षांचं उत्तर आहे.

३+० साठी मी मुलांना तीन खुणा देते. दहाव्या खेळीला अडीच मिनिटं उरलेली हवीत, विसाव्याला पावणेदोन, तिसाव्याला एक. दर खेळीला घड्याळ बघायचं नाही, या तीनच ठिकाणी बघायचं. सुरुवातीला मागे पडाल. मागे पडलात तर पुढच्या दोन खेळ्या पहिल्या सुचतील त्या.

आणि डाव कमी खेळा. रात्री किती खेळता?

---

कृष्णाकाठ
२३ जून, रात्री ९:३०

दहा-बारा. हरत असलो तर पंधराही. मे महिन्यात एका रात्री पावणेदोनपर्यंत बसलो होतो, १६० गुण गेले.

---

निशिगंध
२३ जून, रात्री १०:००

हे मी केलेलं आहे. शेवटचा एकच, शेवटचा एकच, असं करत. आता माझा घरचा नियम असा की लागोपाठ दोन हरले की लॅपटॉप बंद करून गच्चीवर जायचं. पहिल्या आठवड्यात पाळणं फार जड गेलं. पण त्यानं माझे गुण वाचले आणि सकाळची चिडचिडही.

---

हिमकण
२५ जून, रात्री १:२०

म्युनिकहून. इथल्या क्लबकडून लीग खेळतो, फिडे २१००च्या जरा वर. धागा वाचून राहवलं नाही.

वहीतल्या त्या १९ हत्तींबद्दल बोलायचंय. "कुठला हत्ती" हा प्रश्न दर डावात नव्यानं पडतो, कारण दर डावात प्याद्यांची रचना वेगळी असते. मीही आधी ब्लिट्झसाठी सापळ्यांच्या ओपनिंग शिकलो होतो. २२०० पर्यंत चालतात, पुढे समोरच्याला त्या माझ्यापेक्षा चांगल्या माहीत असतात. मग मी उलटं केलं: रचना कमी केल्या.

पांढऱ्यांनी सिसिलियनविरुद्ध (ई४ ला काळ्याचं सी५) अलापिन खेळतो, म्हणजे दुसऱ्या खेळीला सी३. बरेचदा मला एकाकी डी-प्यादं मिळतं, म्हणजे शेजारच्या दोन्ही उभ्या रांगांत आपलं प्यादं नसलेलं. काळ्यांनी कारो-कान. समोरच्यानं त्याविरुद्ध पानोव हल्ला खेळला की तेच एकाकी डी-प्यादं त्याच्याकडे असतं. आता एकच रचना दोन्ही बाजूंनी शेकडो वेळा पटावर येते. प्यादं माझं असेल तर घोडा ई५ वर, वजीर डी३ आणि उंट सी२ एच७कडे तोंड करून, ए१चा हत्ती डी१ला, एफ१चा ई१ला, आणि डी५ फोडायची संधी शोधायची. प्यादं त्याचं असेल तर डी५ वर घोडा आणून बसवायचा, हलके मोहरे बदलत राहायचं. कुठला हत्ती हा प्रश्न घरीच सुटलेला असतो. तुम्ही आत्ता ज्या नवव्या ते सोळाव्या खेळीत अडकता, तिथं मी सात-आठ सेकंदांत पार होतो. एकूण, आठही खेळ्यांना मिळून.

दुसरं, ३+० का? ३+२ खेळा, म्हणजे तीन मिनिटं आणि दर खेळीला दोन सेकंद जादा. लिचेसच्या हिशेबात तोही ब्लिट्झच आहे, जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही ३+२ वरच होते. ४० खेळ्यांना खेळीमागे साडेसहा सेकंद पडतात, आणि मुख्य म्हणजे एंडगेम खरोखर खेळायला मिळतो. ३+० मध्ये मी एंडगेम शिकलो नाही, फक्त माउस हलवला.

एंडगेमसाठी: हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती ही स्थिती कॉम्प्युटरविरुद्ध मांडा आणि घड्याळात तीस सेकंद ठेवून वाचवा. फिलिडोरचा बचाव सगळ्यांना माहीत असतो: आपला हत्ती सहाव्या आडव्या रांगेत ठेवायचा, त्याचं प्यादं सहावीत आलं की खाली शेवटच्या रांगेत जाऊन मागून शह देत राहायचं. पण माहीत असणं आणि नऊ सेकंदांत हातून होणं यात अंतर आहे. ते अंतर मी रविवारी सकाळी भरून काढलं. लुसेना या हत्ती-प्याद्याच्या जिंकायच्या स्थितीचंही तसंच. चौथ्या रांगेत हत्ती नेऊन पूल बांधायचा, न थांबता.

---

अडीच घरं
२५ जून, सकाळी ११:४५

३+२ बद्दल माझा विरोध आहे. लिचेसवर २३००च्या वर ३+० मध्ये गर्दी जास्त असते, प्रतिस्पर्धी लगेच मिळतो. आणि घड्याळ हा पटावरचा तेहेतिसावा मोहराच आहे. तो चालवता यायला हवा.

शेवटच्या दहा सेकंदांसाठी दोन गोष्टी. समोरचा प्रीमूव्हवर खेळतोय असं दिसलं की शह द्या. शहाला त्याची लावून ठेवलेली खेळी चालत नसेल तर ती रद्द होते आणि त्याला खरा विचार करावा लागतो. वाया गेलेला शहसुद्धा त्याचा एक सेकंद खातो. दुसरं, आपला राजा अशा घरात ठेवा जिथं त्याला शह बसत नाही. नाहीतर हेच तो तुमच्यावर करेल.

आणि नियम माहीत ठेवा, दोन्हीकडे वेगळे आहेत. तुमच्याकडे राजा-प्यादं, त्याच्याकडे राजा-घोडा, आणि तुमचा वेळ संपला. चेस डॉट कॉमवर बरोबरी. लिचेसवर तुम्ही हरलात, कारण त्या मोहऱ्यांनी मात निदान कागदावर शक्य आहे. मी अशा वेळी लिचेसवर माझं उरलेलं प्यादं मुद्दाम देऊन टाकतो. मग उरतो नुसता राजा विरुद्ध राजा-घोडा, आणि डाव तिथंच बरोबरीत सुटतो.

---

जुनं घड्याळ
२५ जून, रात्री ८:१०

अडीच घरं, तुझं ज्ञान पक्कं आहे. पण एक गोष्ट मला पटत नाही, ती सांगतो. दोन्हीकडे एकेक हत्ती, प्यादी नाहीत, डाव स्वच्छ बरोबरीचा. समोरच्याचे चार सेकंद उरले म्हणून हत्ती इकडून तिकडे फिरवत बसायचं आणि गुण घ्यायचा. आमच्याकडे असं केलं तर दुसऱ्या दिवशी कुणी समोर बसायचं नाही. बरोबरी मागावी आणि उठावं.

---

अडीच घरं
२५ जून, रात्री ९:००

काका, तुमचा आदर ठेवून सांगतो. ते चार सेकंद त्याचे आपोआप कमी झालेले नाहीत. त्यानं आधी विचाराला जास्त वेळ घेतला, त्या विचारातून त्याला चांगली स्थिती मिळाली असेल. मी कमी विचार करून थोडी वाईट स्थिती घेतली आणि वेळ राखला. त्याला त्याच्या खर्चाचं फळ मिळालं, मला माझ्या बचतीचं मिळू नये का? ३+० निवडलं तेव्हा दोघांनी हे मान्य केलेलं असतं.

---

हिमकण
२५ जून, रात्री ११:३०

दोघांचंही पटतं, म्हणूनच मी ३+२ खेळतो. तिथं हा वाद उद्भवत नाही. दोन सेकंदांत हत्ती सुरक्षित घरात ठेवता येत नसेल तर हरणं रास्त आहे.

---

जुनं घड्याळ
२६ जून, सकाळी ६:४५

बचतीचा मुद्दा मी रात्रभर घोळवला. तो चुकीचा नाही. तरी मी स्वतः बरोबरीच मागेन.

---

निशिगंध
२९ जुलै, सकाळी ८:२०

धागा वर काढतेय. काल जॉर्जियातल्या बातुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला! एकोणीस वर्षांची मुलगी, अंतिम फेरीत कोनेरू हंपीसमोर. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत, आणि दुसरा जलद डाव तिनं काळ्या मोहऱ्यांनी घेतला. हंपी स्वतः दोनदा जागतिक जलद विजेती आहे, आणि तिलाही घड्याळानं शेवटी घेरलं. मी डाव बघताना सतत दोघींच्या घड्याळाकडे बघत होते. या धाग्याआधी मी फक्त पट बघायचे.

कृष्णाकाठ, तुमचं काय चाललंय?

---

कृष्णाकाठ
७ सप्टेंबर, रात्री ८:४०

गणपती कालच गेले, आज निवांत बसलोय. उशीर झाला, क्षमस्व. मुद्दामच थांबलो होतो, दोन आठवड्यांच्या लाटेवर काही लिहायचं नव्हतं.

जुलैपासून ३+२ वर आलो. रात्री चारच डाव, लागोपाठ दोन गेले की बंद. निशिगंध, गच्चीवर मीही जातो. अलापिन सुरू केलं, कारो-कान आधीपासून होतंच. ताईंच्या तीन खुणा कागदावर लिहून पडद्याखाली चिकटवल्यात. ३+२ मध्ये घड्याळ वेगळं चालतं, म्हणून ताईंना विचारून दहाव्या खेळीला पावणेतीन मिनिटं अशी खूण केली.

आजचं रेटिंग २२४३, मधे २२६८ला शिवून आलो. पण मला त्याहून आनंद वहीचा आहे. ऑगस्टच्या शेवटच्या ५० डावांत १५ सेकंदांवरच्या खेळ्या ५२. हत्तीचा प्रश्न एकदाही नाही. वेळेवर हरलेले डाव दोन.

गेल्या गुरुवारचा एक डाव सांगतो. हत्ती विरुद्ध हत्ती आणि त्याचं ई-प्यादं, माझ्याकडे नऊ सेकंद. जूनमधला मी तिथं घामाघूम झालो असतो. हत्ती सहाव्या रांगेत नेला आणि तिथंच इकडून तिकडे फिरवत राहिलो. दोन सेकंद मिळायचे, एक जायचा, घड्याळ वाढत होतं. त्यानं प्यादं सहावीत ढकललं, मी खाली उतरून मागून शह दिले. बरोबरी. हिमकण, तुमच्या सगळ्या रविवार सकाळी त्या नऊ सेकंदांत कामी आल्या.

मंडळाच्या मांडवात परवा ब्लिट्झ स्पर्धा होती, लाकडी पट आणि डिजिटल घड्याळं. तिथंही खेळलो, तिसरा आलो. समोरासमोर बसून हे चालतं का, ही धाकधूक होती. चालतं.

आता नवं दुखणं. पहिली सुचलेली खेळी खेळायची सवय इतकी लागली की जिथं थांबायला हवं तिथंही थांबत नाही. याच आठवड्यात तीनदा उंट एच७ वर मारून राजा बाहेर ओढला, घोडा जी५ वर शह, आणि पुढे काहीच नाही. एकदा राजा जी६ वर चढून निवांत बसला. बघितलंच नव्हतं.

---

गोदावरी
७ सप्टेंबर, रात्री ९:०५

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. ५२!

एच७चं बलिदान म्हणजे मागे न घेता येणारी खेळी. त्यावर आपण वेळ राखून ठेवला होता तो याच्यासाठीच. उंट उचलण्याआधी हात मांडीवर ठेवा आणि राजाच्या तीन वाटा बघा: जी८, जी६, एच६. जी८ला गेला तर वजीर एच५ला पोचतो का? जी६ला गेला तर त्याला हुसकायला माझ्याकडे काय आहे, वजीर जी४ किंवा प्यादं एच४? एच६ला गेला तर सी१चा उंट उघडा आहे का? त्याआधी, जी५चं घर त्याच्या कुणाच्या माऱ्यात तर नाही? वीस सेकंद लागले तरी द्या. वहीत आता चौथा रकाना करा: जिथं पाच सेकंदांच्या आत खेळलो आणि थांबायला हवं होतं.

---

कृष्णाकाठ
७ सप्टेंबर, रात्री ९:२०

आजपासून करतो. अडीच घरं, जागा असशील तर आजच्या चारमधला पहिला डाव तुझ्याशी. ३+२ चालेल ना?

---

अडीच घरं
७ सप्टेंबर, रात्री ९:२२

चालेल दादा. आव्हान पाठवलंय. पांढरे तुमचे, मी सिसिलियन खेळतो, बघू अलापिन.